औषध ‘उलटले’ म्हणजे नेमके काय झाले?

कागल तालुक्यातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या २२ वर्षांच्या बहिणीच्या मानेतील गाठ क्षयरोगाची निघाली. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, पंधरा दिवसांत संध्याकाळचा ताप थांबला, भूक लागू लागली, वजन तीन किलोंनी वाढले. आणि सातव्या आठवड्यात तीच गाठ पूर्वीपेक्षा मोठी व दुखरी झाली, शिवाय तिच्याखाली दुसरी गाठ उठली. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, औषध उलटले आहे, गोळ्या थांबवा. याच घरात गेल्या वर्षी आजीला दुर्बिणीच्या तपासणीआधी झोपेचे इंजेक्शन दिले, तेव्हा ती झोपण्याऐवजी उठून बसली, ओरडू लागली आणि तिने हाताची सुई ओढून काढली. औषध असे उलटते म्हणजे काय होते आणि ते ओळखायचे कसे, असे त्यांनी विचारले आहे.

पहिली गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यासाठी उत्तर संपेपर्यंत थांबणे योग्य नाही. बहिणीच्या गोळ्या घरच्या घरी थांबवू नका. आपण जे वर्णन केले आहे ते औषध चुकल्याचे असण्यापेक्षा औषध काम करीत असल्याचे असण्याची शक्यता अधिक आहे. मात्र ती शक्यता तपासून पाहावी लागते, नुसती गृहीत धरून चालत नाही. आजीचे प्रकरण मुळातच निराळे आहे, आणि दोन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे गोंधळ झाला आहे.

आपल्याकडे या बाबतीत शब्दांची कमतरता नाही. औषध लागू पडले नाही, औषध मानवले नाही, औषध गरम पडले, औषध अंगावर उठले, औषध उलटले. कोल्हापुरात गेली २९ वर्षे रुग्ण तपासताना हे सगळे शब्दप्रयोग मी रोज ऐकतो आणि ते मला पुष्कळदा तपासणीच्या कागदांपेक्षा अधिक सांगतात. ‘लागू पडले नाही’ म्हणजे आजार जिथल्या तिथे आहे. ‘मानवले नाही’ म्हणजे मळमळ, जळजळ, चक्कर असा काही त्रास झाला. ‘अंगावर उठले’ म्हणजे बहुतेक वेळा पुरळ, म्हणजे ॲलर्जी. ‘उलटले’ हा शब्द मात्र दोन अगदी वेगळ्या घटनांसाठी वापरला जातो. एकात औषधाचा परिणामच अपेक्षेच्या उलट होतो, जसे झोपेच्या औषधाने माणूस खवळतो. दुसऱ्यात औषधाचा परिणाम अपेक्षेप्रमाणेच होत असतो, जंतू मरत असतात, पण शरीर त्या मेलेल्या जंतूंविरुद्ध इतक्या जोराने उठते की बाहेरून आजार बळावल्यासारखा दिसतो. वैद्यकात दोन्हींना विरोधाभासी प्रतिक्रिया म्हणतात. पहिल्या प्रकारात ते औषध थांबवायचे असते आणि दुसऱ्या प्रकारात बहुधा ते चालूच ठेवायचे असते. म्हणून रुग्णाने ‘उलटले’ म्हटले की माझा पहिला प्रश्न ‘कशाने’ हा नसतो. ‘औषध घेतल्यावर किती वेळाने’ हा असतो. प्रत्येक प्रतिक्रियेचे स्वतःचे घड्याळ असते आणि निदानाचा निम्मा भाग त्या घड्याळावरच उलगडतो.

मानेच्या गाठींचे घड्याळ आठवड्यांत चालते. गाठींच्या क्षयरोगात साधारण पाचांपैकी एका रुग्णाला उपचार सुरू असताना केव्हातरी गाठ वाढण्याचा किंवा नवी गाठ येण्याचा अनुभव येतो. बहुतेकदा हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत होते, काहींना त्यानंतरही होते, आणि क्वचित औषधांचा पूर्ण सहा महिन्यांचा कोर्स संपल्यानंतरही होते. कारण असे आहे की क्षयाचा जंतू शरीरात असताना तो आपल्या प्रतिकारशक्तीला बऱ्याच प्रमाणात दाबून ठेवतो. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथाम्ब्युटॉल ही चार औषधे मिळून पहिल्या काही आठवड्यांत जंतूंची संख्या झपाट्याने खाली आणतात. मेलेल्या जंतूंच्या आवरणाचे तुकडे गाठीतच पडून राहतात. तोवर अन्न अंगी लागलेले असते, ताप गेलेला असतो आणि दबलेली प्रतिकारशक्ती पुन्हा डोके वर काढते. तिला समोर दिसतात ते हे तुकडे, आणि ती त्यांच्यावर तुटून पडते. गाठ सुजते, दुखते, आत पू होतो. म्हणजे आपल्या बहिणीचे वजन वाढणे आणि तिची गाठ वाढणे या एकमेकींना छेद देणाऱ्या खुणा वाटल्या, तरी दोन्हींचे मूळ बरेचदा एकच असते.

तरीही ‘ही प्रतिक्रियाच आहे’ असे म्हणण्याआधी चार शक्यता बाजूला काढाव्या लागतात, आणि त्या कंटाळा न करता काढाव्या लागतात. गोळ्या खरोखर पोटात जात आहेत का, हे पहिले. रिफाम्पिसिनने लघवीला नारिंगी-तांबूस रंग येतो. डोस घेतल्यावर काही तासांनी तो रंग दिसतो का, एवढे विचारले तरी बरेच कळते, आणि हा प्रश्न रुग्णाला एकटीला विचारावा लागतो, सासू किंवा वडील शेजारी बसलेले असताना नाही. दुसरे म्हणजे, गोळ्यांची संख्या वजनाप्रमाणे ठरते. वजन बदलले की ती पुन्हा पाहावी. तिसरी शक्यता औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाची. सुरुवातीला गाठीतील द्रवाची सीबीनॅट, म्हणजे जंतूंच्या जनुकांचा माग काढणारी, तपासणी झाली असेल, तर रिफाम्पिसिन चालणार की नाही हे तेव्हाच कळलेले असते. तो कागद शोधून ठेवा. आता पुन्हा सुईने द्रव काढला, तर त्याचे कल्चर लावायला हवे, म्हणजे त्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला हवेत, कारण सीबीनॅट मेलेल्या जंतूंचाही माग दाखवते, तर कल्चरमध्ये फक्त जिवंत जंतूच वाढतात. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, आणि तो वेळ द्यावा लागतो. चौथी शक्यता अशी की ही गाठ मुळात क्षयाची नसून लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची आहे. मूळ निदान नुसत्या अंदाजाने झाले असेल, तर गाठीचा तुकडा तपासणे टाळू नये.

हे सगळे मी इतक्या आग्रहाने लिहितो, त्याला एक कारण आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत मी एका तालुक्याच्या गावी बसत असे. १९ वर्षांची एक मुलगी गाठीच्या क्षयासाठी येत होती. दुसऱ्या महिन्यात तिची गाठ लिंबाएवढी झाली. तिचे वजन वाढले होते, चेहऱ्यावर तेज आले होते, पण मी फक्त गाठीकडे पाहिले. औषध लागू पडत नाही असे ठरवून त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने जोडली. द्रवाचे कल्चर मी पाठवले होते, पण त्याची वाट पाहिली नाही. पुढे ते निर्जंतुक आले, म्हणजे गाठीत जिवंत जंतू उरलेच नव्हते. तोवर स्ट्रेप्टोमायसिनने तिच्या कानातील तोल सांभाळणाऱ्या भागाला इजा केली होती. दिवसा ती नीट चाले, कारण डोळ्यांचा आधार होता. अंधार पडला की घरापासून परसापर्यंत जायलाही तिला भिंतीला हात लावून चालावे लागे. तिचा क्षय पूर्ण बरा झाला आणि पुढे तिचे लग्नही झाले, पण तोल पूर्ववत झाला नाही. तिच्या आईने मला कधी दोष दिला नाही. दोष माझाच होता. गाठ वाढली कधी आणि बाकी शरीर कुठल्या दिशेने चालले आहे, हे दोन प्रश्न मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

गाठीत पू झाला तर तो जाड सुईने, आजूबाजूच्या चांगल्या त्वचेतून आत शिरून काढावा. चीर देऊन निचरा केला तर ती जखम महिनोन् महिने वाहत राहण्याचा धोका असतो. सूज दाबणाऱ्या स्टेरॉइडची गरज मानेच्या बहुतेक गाठींना पडत नाही. मेंदूतील क्षयाची गोष्ट वेगळी आहे. तिथे हीच प्रतिक्रिया कवटीच्या बंद जागेत होते, डोकेदुखी वाढते, उलट्या होतात, झटके येतात, आणि तिथे स्टेरॉइड जीव वाचवते. एचआयव्ही असलेल्या रुग्णांत ही प्रतिक्रिया अधिक वेळा आणि अधिक जोराने येते, कारण एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरील, गोळ्यांमुळे प्रतिकारशक्ती काही आठवड्यांतच परत येते. म्हणूनच क्षयाचा मेंदूज्वर असेल तर एआरटी चार ते आठ आठवडे लांबवतात. क्षयरोग झालेल्या प्रत्येकाची एचआयव्ही तपासणी करण्याचा जो नियम आहे, त्यामागे हेही एक कारण आहे, आणि त्याबद्दल घरात कुणी कमीपणा मानू नये.

याच जातीची, पण अधिक घाईची प्रतिक्रिया कुष्ठरोगात येते. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरील अनेक औषधांचा एकत्रित उपचार, सुरू झाल्यावर, साधारणपणे पहिल्या वर्षात, फिकट चट्टे एकाएकी लाल होऊन सुजतात, कोपराच्या आतल्या बाजूची नस (मज्जातंतू) दोरीसारखी जाड आणि हुळहुळी होते, करंगळी वाकू लागते. रुग्ण म्हणतो, गोळ्या उष्ण पडल्या, आणि गोळ्या सोडून देतो. प्रत्यक्षात गोळ्या जंतू मारीत असतात आणि शरीर नसांत अडकलेल्या जंतूंवर हल्ला चढवीत असते. त्या हल्ल्यात नस चिरडली जाते. इथे एमडीटी चालू ठेवून वेळेवर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावे लागते. नसेची इजा सहा महिन्यांच्या आत उपचाराखाली आली तर हाताची ताकद परत येण्याची आशा चांगली असते, उशीर झाला तर बोटे वाकडी राहतात. गगनबावडा, शाहूवाडीकडून येणारे रुग्ण एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब करून ‘पुढच्या बाजाराला येऊ’ म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण या आजारात एकेका आठवड्याचे मोल बोटांच्या हालचालीत मोजावे लागते.

आता तासांवर चालणारे घड्याळ. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी उतरल्यावर शहरात आणि नदीकाठच्या गावांत लेप्टोस्पायरोसिसची धास्ती होती, ती अनेकांना आठवत असेल. या आजारात, तसेच उपदंशात (सिफिलिस), प्रतिजैविकाचा पहिला डोस दिल्यावर काही तासांत रुग्णाला कडकडून थंडी भरते, ताप उसळतो, डोके ठणकते, अंग मोडून येते, कधी रक्तदाब खाली येतो. ऑस्ट्रियाच्या अॅडॉल्फ यारिश यांनी १८९५ मध्ये आणि फ्रँकफर्टच्या कार्ल हेर्क्सहायमर यांनी १९०२ मध्ये पाऱ्याचे उपचार दिलेल्या उपदंशाच्या रुग्णांत हे नोंदवले, म्हणून त्या दोघांच्या नावाने ही प्रतिक्रिया ओळखली जाते. या आजारांचे नागमोडी जंतू एकदम मोठ्या संख्येने फुटतात आणि त्यांतून बाहेर पडलेल्या द्रव्यांमुळे ही खळबळ होते. साधारण २४ तासांत ती आपोआप ओसरते. रुग्णावर लक्ष ठेवायचे, ताप उतरवायचा, रक्तदाब सांभाळायचा आणि प्रतिजैविक चालू ठेवायचे.

नातेवाईक याला ‘सलाईनची रिॲक्शन’ म्हणतात आणि कित्येकदा फाईलवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे लिहिले जाते. हा शिक्का पुसला जात नाही. खऱ्या ॲलर्जीचे घड्याळ मिनिटांचे असते: अंगाला खाज सुटते, गांधी उठतात, ओठ आणि जीभ सुजते, छातीत घरघर होते, रक्तदाब कोसळतो, आणि तिथे मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन देण्यात एक क्षणही घालवायचा नसतो. चार तासांनी आलेली थंडी आणि चार मिनिटांत उठलेल्या गांधी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असे सांगणाऱ्यांची रीतसर तपासणी केली तर दहांपैकी नऊ जणांना ती नसल्याचे आढळते. तोवर आयुष्यभर त्यांना अधिक महाग आणि कमी सोयीची औषधे दिली गेलेली असतात. म्हणून ‘ॲलर्जी’ हा शब्द लिहिताना त्याच्यापुढे काय झाले आणि किती मिनिटांनी झाले, हे लिहिल्याशिवाय डॉक्टरांनी पेन खाली ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

आजींकडे वळतो. मिडाझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या गटाची औषधे मेंदूला शांत करतात, पण ते करताना वागण्यावर लगाम ठेवणारा मेंदूचा पुढचा भागही सैल होतो. बहुतेक माणसे त्या अवस्थेतून झोपेत जातात. थोडी माणसे, आणि त्यांत वृद्ध व लहान मुले अधिक, लगाम सुटलेल्या अवस्थेतच अडकतात. माणूस उठून बसतो, बडबडतो, रडतो, हात उगारतो, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला यातले काही आठवत नाही. हे औषध दिल्यापासून काही मिनिटांत घडते. याचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी मानले जाते, पण ज्या घरात घडले त्या घराला या आकड्याचा काय उपयोग? महत्त्वाचे हे की अशा वेळी ‘झोप लागली नाही, आणखी थोडे देऊ’ हा सहज सुचणारा मार्ग घातक ठरू शकतो. पुढचा डोस लगाम आणखी सैल करतो आणि शेवटी श्वास मंदावतो. औषध थांबवणे, दिवे मंद करणे, ओळखीच्या माणसाला उशाशी उभे करणे यांनीच बहुतेक प्रसंग निभावतात. गरज पडली तर फ्लुमाझेनिल हा उतारा शिरेतून सावकाश देता येतो. मात्र जो माणूस या गटाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतो किंवा ज्याला फिट्स येतात, त्याला तो दिल्यास झटके येऊ शकतात, म्हणून आधी विचारावे लागते. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी लहान मूल झोपण्याऐवजी रात्रभर उड्या मारते, तोही असाच प्रकार असतो.

पण आजींच्या बाबतीत ही प्रतिक्रियाच होती असे म्हणण्याआधी मी थोडा थांबेन, आणि का थांबेन ते एका प्रसंगावरून सांगतो. राधानगरीकडचे एक ७८ वर्षांचे शेतकरी खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री अस्वस्थ झाले. त्यांना लोराझेपाम दिले गेले. तासाभरात ते पलंगाच्या कठड्यावरून पाय टाकू लागले, मुलाला शिव्या देऊ लागले, पांघरूण फेकून देऊ लागले. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी फाईलमध्ये विरोधाभासी प्रतिक्रिया असे लिहिले होते, आणि मी पोहोचलो तेव्हा मलाही ते पटण्याजोगे वाटले. रात्रपाळीच्या सिस्टर मात्र काही न बोलता पुढे आल्या, त्यांनी आजोबांच्या ओटीपोटावर तळहात ठेवला, हलकेच दाबले आणि माझ्याकडे पाहिले. पोट बेंबीपर्यंत घट्ट होते. नळी घातल्यावर पिशवीत जवळजवळ एक लिटर लघवी जमली. आजोबांनी मोठा श्वास सोडला, ‘पोरा, पाणी दे’ एवढेच म्हणाले आणि सकाळपर्यंत झोपले. लघवी तुंबली होती आणि औषधाच्या गुंगीत त्यांना ते सांगता येत नव्हते. त्या रात्रीनंतर मी हा क्रम कधी मोडला नाही: आधी बोटाला ऑक्सिजनचे यंत्र लावायचे, मग साखर पाहायची, मग ओटीपोटावर हात ठेवायचा, मग कुठे दुखते का हे विचारायचे, चष्मा आणि कानाचे यंत्र जवळ आहे का ते पाहायचे, यांतले काहीच सापडले नाही, तर त्यानंतर औषध उलटले म्हणायचे. ऑक्सिजन कमी पडलेला माणूसही असाच खवळतो, आणि त्याला प्रतिक्रिया समजून बसलो तर तो हातचा जातो.

शेतीच्या आमच्या भागात याच स्वरूपाचा एक वेगळा फसवा प्रसंग येतो, तोही इथे सांगणे आवश्यक आहे. फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधाची विषबाधा झालेला रुग्ण ॲट्रोपिन या उताऱ्याने सुधारतो, तोंडाचा फेस थांबतो, बोलू लागतो, नातेवाईक घरी नेण्याची भाषा करतात. मग २४ ते ९६ तासांच्या दरम्यान त्याची मान लुळी पडते आणि श्वासाचे स्नायू थकू लागतात. श्रीलंकेतील सेनानायके आणि करालिएद्दे यांनी १९८७ मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. हे ॲट्रोपिन उलटल्याने किंवा कमी केल्याने होत नाही. ही विषाचीच पुढची पायरी असते आणि त्यावर उपाय म्हणजे वेळेवर दिलेला कृत्रिम श्वास. आमच्या वॉर्डात म्हणूनच अशा रुग्णाला दर काही तासांनी ‘उशीवरून डोके उचला’ असे सांगतात. डोके उचलता आले नाही की व्हेंटिलेटर जवळ आणून ठेवतात.

मधुमेहातील एका प्रकाराबद्दल फारसे बोलले जात नाही, आणि त्यामुळे लोक चांगला उपचार सोडतात. वर्षानुवर्षे बेफिकीर राहिलेला माणूस एके दिवशी मनावर घेतो, इन्सुलिन सुरू करतो, पथ्य पाळतो, आणि तीन महिन्यांत एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा) ११ वरून ७ वर येतो. सगळे कौतुक करतात, आणि त्याच सुमारास त्याच्या पायांची अशी आग होऊ लागते की पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. साखर फार वेगाने उतरली की नसांना ती उतरण सोसत नाही. काहींच्या डोळ्यांच्या पडद्यावरील दोषही याच काळात तात्पुरता वाढतो. हे बहुधा काही महिन्यांत ओसरते. अशा माणसाने इन्सुलिन सोडणे हे सर्वांत मोठे नुकसान असते. उपाय असा की फार जुनी आणि फार वाढलेली साखर बेताबेताने खाली आणावी आणि आरंभीच डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

डोकेदुखीच्या गोळीने डोकेदुखी वाढते, हेही पुष्कळांना खरे वाटत नाही. महिन्यात १५ किंवा त्याहून अधिक दिवस साधी वेदनाशामक गोळी, किंवा १० किंवा अधिक दिवस मिश्र (एकाहून अधिक औषधे एकत्र असलेली) गोळी, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले की मेंदू त्या गोळीच्या अभावालाच दुखण्याने उत्तर देऊ लागतो. पहाटे डोके दुखत उठणे ही त्याची ओळखीची खूण. गोळी सोडल्यावर आधी काही दिवस डोके अधिक दुखते. ते आधी सांगून ठेवले नाही, तर रुग्ण तिसऱ्या दिवशी पुन्हा मेडिकलच्या दुकानात उभा असतो.

रुग्णाला जे दिसते आणि डॉक्टरला जे तर्काने पटते, ते दोन्ही कधीकधी चुकते, याचे एक जड उदाहरण हृदयरोगाच्या इतिहासात आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे चुकार ठोके दिसत, आणि ते ठोके थांबवले तर माणसे वाचतील, असे सर्वांना वाटे. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड या औषधांनी ठोके खरोखर थांबत, ईसीजी स्वच्छ दिसे. १९८९ मध्ये ‘कास्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले, तेव्हा ही औषधे घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाल्याचे स्पष्ट झाले. एकेका डॉक्टरच्या अनुभवातून हे कधीच कळले नसते. ते मोजले म्हणून कळले. याच कारणासाठी अनपेक्षित प्रतिक्रिया नोंदवणे हा नुसता कागदी सोपस्कार नाही. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो, त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, आणि रुग्णाला किंवा नातेवाइकालाही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर नोंद करता येते. त्यासाठी औषधच दोषी आहे हे सिद्ध करावे लागत नाही.

आता आपण या आठवड्यात काय करावे, ते सांगतो. बहिणीचे उपचार जिथे सुरू आहेत तिथे गोळ्यांचे पाकीट, पहिली सीबीनॅट आणि सुईच्या तपासणीचे कागद घेऊन जा. जाण्याआधी एका वहीत तारखा लिहून काढा: गोळ्या कधी सुरू झाल्या, ताप कोणत्या दिवशी थांबला, गाठ कधी वाढू लागली, वजन कधी किती होते, एखादा डोस चुकला का. गाठ वाढली पण ताप नाही, वजन चढते आहे, डोस चुकलेले नाहीत, असे चित्र असेल तर डॉक्टर बहुधा त्याच गोळ्या पुढे चालू ठेवतील, गरज वाटल्यास द्रव काढून कल्चरला पाठवतील आणि गाठीचे माप लिहून ठेवतील. ताप पुन्हा येऊ लागला, वजन घटू लागले, तर मात्र चित्र बदलते आणि तपासणी अधिक वेगाने पुढे न्यावी लागते. गाठीवरची कातडी लाल, पातळ आणि चकचकीत झाली असेल, श्वास घेताना किंवा गिळताना अडथळा होत असेल, डोके सतत दुखून उलट्या होत असतील, किंवा डोळे पिवळे झाले असतील, तर आठवडाभर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. डोळे पिवळे होणे ही प्रतिक्रिया नाही. तो यकृतावर झालेला औषधांचा दुष्परिणाम असू शकतो, आणि औषधे तात्काळ थांबवून डॉक्टरांकडे जाण्याची ती वेळ आहे, आणि तो निर्णय घरात घेतला तरी चालतो.

आजींच्या त्या तपासणीचे कागद मिळतात का पाहा. कोणते इंजेक्शन, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी दिले, खवळणे किती मिनिटांनी सुरू झाले आणि किती वेळाने थांबले, ऑक्सिजनचा आकडा किती होता, एवढे मिळाले तर ते त्यांच्या फाईलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहा. पुढे कधी ऑपरेशन किंवा दुर्बिणीची वेळ आली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते पान आदल्या दिवशीच दाखवा. टेबलावर घेतल्यानंतर सांगितले तर औषध बदलायला त्यांच्या हातात वेळ उरत नाही.